ढब्बूला पळू का देत नाही?

"अहो मॅडम, तरणाबांड कुत्रा आहे. असा पट्ट्याला धरून म्हाताऱ्यासारखा काय चालवताय? सोडा की जरा मोकळा!"

नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी सव्वासहाला फिरायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी मला हे एकदा विचारलंय. दूध केंद्रावरचे काका दर पंधरा दिवसांनी विचारतात, कारण त्यांना आधीचं उत्तर पटलेलं नसतं. माझी नणंद फोनवर विचारते. रस्त्यात उभ्याउभ्या मी "पायाला त्रास आहे त्याच्या" एवढंच म्हणते आणि पुढे सरकते. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

ढब्बू लॅब्रॅडॉर आहे, वय सव्वादोन वर्षं. दिसायला झकास. छाती रुंद, अंगावर तकाकी, आणि समोरून कुणी आलं की शेपटीबरोबर अख्खं बूड हलतं. आजारी वाटत नाही, हीच अडचण आहे. त्याच्या दोन्ही कोपरांचे सांधे वाढताना नीट जुळलेच नाहीत. याला एल्बो डिस्प्लेजिया म्हणतात. लॅब्रॅडॉर, गोल्डन, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड या भराभर वाढणाऱ्या मोठ्या जातींत तो बऱ्यापैकी आढळतो आणि म्हातारपणी नाही, चार ते दहा महिन्यांच्या पिल्लात डोकं वर काढतो.

आधी कोपर कुठे असतं ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. कुत्र्याच्या पुढच्या पायात मधेच जो सांधा आपल्याला 'गुडघा' वाटतो, ते त्याचं मनगट. कोपर वर, छातीला चिकटून. मी पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा "गुडघा दुखतोय वाटतं" म्हणून मनगट दाखवत होते. डॉक्टरांनी काही न बोलता वरचा सांधा हातात घेतला आणि हळूच पूर्ण दुमडला. ढब्बू ओरडला नाही. तोवर तो डॉक्टरांचा कान चाटत होता, ते थांबलं. मान वळवून त्याने स्वतःच्या नाकावरून एकदा जीभ फिरवली. "एवढंच सांगतात ते," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. त्याआधीचा महिनाभर आम्ही बघत होतो आणि बघत नव्हतो. झोपेतून उठला की पहिली चार-पाच पावलं आखडून टाकायचा, मग ठीक. यजमान म्हणाले, पाय अवघडला असेल. उभा राहिला की पुढचे पंजे बाहेरच्या अंगाला वळवायचा. आम्हाला ती ऐट वाटायची, फोटोसुद्धा काढले. लंगडणं कळायचं नाही कारण दवाखान्यात गेल्यावर तो अगदी सरळ चालायचा. नवा वास, नवी माणसं, चढलेला उत्साह, त्यात दुखणं विसरतात म्हणे. शेवटी डॉक्टरांनी घरीच व्हिडिओ काढायला सांगितला, बाजूने आणि समोरून. तो संथ करून पाहिला तेव्हा दिसलं: डावा पुढचा पाय टेकला की डोकं किंचित वर, उजवा टेकला की खाली. दुखऱ्या पायावर भार पडू नये म्हणून तो डोकं उचलत होता. एकदा दिसल्यावर मग ते दिसायचं थांबेना.

कोपरात तीन हाडं एकत्र येतात, वरून एक आणि खालून दोन. खालची दोन बरोबरीने वाढली नाहीत की भार सगळीकडे सारखा न बसता आतल्या बाजूच्या एका छोट्याशा टोकावर येतो. ते टोक पिचतं, कधी त्याचा तुकडा पडतो, आणि तो खडा सांध्यात घासत राहतो. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, सांधा सुजतो, पुढे संधिवात. कुत्र्याच्या वजनाचा साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो हे लक्षात घेतलं तर हा खडा किती महागात पडतो ते कळेल. एक्स-रेमध्ये तो तुकडा बऱ्याचदा दिसतच नाही, सांध्याभोवतीची नंतरची पडझड दिसते. म्हणून सीटी स्कॅन. त्यासाठी आम्ही पुण्याला गेलो, मागची सीट आडवी करून, गादी टाकून, चंदनापुरी घाटात दोनदा थांबून. डाव्या कोपराची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. काढलेला तुकडा डॉक्टरांनी बाटलीत दाखवला. तांदळाची कणी. माझे दोन पगार त्या कणीवर गेले.

उजव्या कोपरात तुकडा सुटा झालेला नव्हता, म्हणून तिकडे हात लावला नाही. आणि डावं 'बरं' झालं असंही नाही. खडा निघाला, सांधा मुळातला तोच राहिला. पुढचं सगळं आमच्या हातात, म्हणजे बहुतेक वेळा 'नाही' म्हणण्यात.

शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे घरातसुद्धा पट्टा. पहिल्यांदा बाहेर नेलं ते पाच मिनिटं, घड्याळ लावून. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची, दुसऱ्या दिवशी आखडला तर पुन्हा मागे. आता सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस, आणि रोज तेवढीच. आठवडाभर बसवून ठेवून रविवारी दोन तास हुंदडवणं हे सगळ्यात वाईट. चेंडू तर बंदच. चेंडूमागे पळताना दुखत नाही त्याला, पण ब्रेक मारून गर्रकन वळतो तेव्हा सगळा दणका त्याच कोपरांवर येतो. सहाव्या महिन्यापर्यंत आम्ही गच्चीवर रोज तासभर चेंडू फेकत होतो, "दमवा, म्हणजे घरात चप्पल कुरतडणार नाही" म्हणून. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आणखी एक कबुली. पिल्लू आणलं तेव्हा ज्याच्याकडून आणलं त्यानेच कॅल्शियमची बाटली हातात दिली होती. हाडं भक्कम होतील, सकाळ-संध्याकाळ द्या. आपल्याकडे बाळंतिणीपासून पिल्लापर्यंत सगळ्यांना कॅल्शियम हे पुण्यकर्म आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला नको तेवढं कॅल्शियम अडवता येत नाही. दिलं तेवढं बरंचसं शोषलं जातं आणि मोठ्या जातीत त्याने हाडांची वाढ बिघडू शकते. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात ते आधीच मोजून घातलेलं असतं. ढब्बूचं कोपर त्या बाटलीने बिघडलं असं कुणी डॉक्टर म्हणाले नाहीत, मुख्य कारण आईबापाकडून रक्तातच आलेलं असतं. पण बाटली मी अडीच महिने दिली, हेही खरं.

तर पळू न देण्याचं एवढं. पण खरी लढाई पळण्याची नाही, खाण्याची आहे. त्याचं नाव ढब्बू पडलं ते पन्नास दिवसांचा असताना, आडवा-उभा सारखाच होता म्हणून. केसपेपरवर नाव लिहिताना डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "नावाला जागू द्यायचं नाही हां." अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक अभ्यास झाला होता. पिल्लांचे दोन-दोनचे गट केले, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला, जन्मभर. कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले आणि त्यांचे सांधे उशिरा कुरकुरले. 2002 मध्ये तो छापून आला. मला कुठलंही औषध एवढं करताना दिसलेलं नाही.

पण हे लॅब्रॅडॉरला कोण सांगणार? केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये असं आढळलं की साधारण दर चार लॅब्रॅडॉरांत एकाच्या जनुकात एक तुकडा गायब असतो, आणि अशा कुत्र्यांना भूक जास्त लागते. ढब्बूची तपासणी केलेली नाही, करायची गरजही वाटत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं खाणं ग्रॅममध्ये तोलते तेव्हा तो काट्याकडे बघत नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघतो. वजन सत्तावीस किलोवर धरून ठेवलंय. रोजची परीक्षा सोपी आहे: बरगड्यांवरून बोटं फिरवायची. मूठ वळून बोटांच्या गाठी लागतात तसं लागलं तर हडकलाय, तळहातासारखं मऊ लागलं तर माजलाय, पंजा पसरून हाताच्या पाठीवर लागतं तसं लागलं की ठीक.

शेजारच्या आजींना हे मान्य नाही. त्या कुंपणावरून तूप लावलेली पोळी द्यायच्या. मी समजावलं, यजमानांनी समजावलं, शेवटी एक्स-रे दाखवला. आजींनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "यात उपाशी दिसतोय बिचारा." आता तह झालाय, गाजराच्या चकत्या. ढब्बूला गाजर आणि पोळीतला फरक कळत असावा, पण तो बोलून दाखवत नाही.

घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यावर त्याचे पुढचे पाय फाकायचे. आधी गोणपाट टाकलं, ते त्याच्यासकट घसरायचं. योगाच्या मॅट त्याने खाल्ल्या. शेवटी पिंपळगावच्या एका ओळखीच्या द्राक्षवाल्यांनी सुचवलं, गोठ्यात गायींखाली टाकतात त्या रबरी मॅट घ्या. पहिले आठ दिवस हॉलला टायरच्या दुकानाचा वास होता. पाहुणे अजूनही दारात थबकतात. पण ढब्बू आता उठताना धडपडत नाही. दारातल्या तीन पायऱ्यांवर सुताराकडून फळी बसवून तिच्यावर काथ्या ठोकून घेतलाय. उतरताना पुढच्या पायांवर जास्त भार येतो म्हणून.

थंडीत सकाळी जास्त आखडतो, तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. वाईट दिवसांत डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मेलॉक्सिकॅम हे दुखणं-सूज कमी करणारं औषध, खाण्यानंतरच, आणि मधूनमधून मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या. आपल्या घरातली गोळी मात्र कधीच नाही. एका पाहुण्यांनी प्रेमाने "अर्धी आयब्युप्रोफेन दे, मला लगेच बरं वाटतं" म्हणून ती मोडून हातात ठेवली होती. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक ठरू शकते.

पोहणं चांगलं असतं, सांध्यावर भार न येता स्नायू राहतात. एका मैत्रिणीने तिच्या शेततळ्यात आणा म्हटलं. नाही नेला. त्या प्लास्टिकच्या उतारावरून कुत्र्याला बाहेर येता येत नाही, घसरत घसरत दमून बुडतो. त्यापेक्षा गंगापूर धरणाच्या पाण्याला सावकाश उतार आहे तिथे, लांब दोरी बांधून, अंगात जॅकेट घालून. पाण्यात तो जो चेहरा करतो तो बघायला दूध केंद्रावरच्या काकांना एकदा न्यायला हवं.

आणि पळायला नाही म्हणून तो कंटाळतो असं तुम्हाला वाटत असेल, तर सकाळी आमच्यामागून चाला. वीस मिनिटांत आमचं अंतर होतं जेमतेम सहा खांब. प्रत्येक खांब तो वर्तमानपत्रासारखा वाचतो, छोट्या जाहिरातींसकट.

ज्याच्याकडून आणला त्याला मी फोन केला होता. म्हणाला, आमच्या एकाही पिल्लाला असं झालेलं नाही, तुम्ही पाडलं असेल. मग जरा मऊ होऊन म्हणाला, परत आणून द्या, दुसरं देतो. पंख्याची गॅरंटी असते तसं. आईबापाच्या कोपरांचे एक्स-रे काढलेत का, हे घ्यायच्या आधी विचारायला हवं होतं. तेव्हा मी फक्त रंग विचारला होता.

मागच्या आठवड्यात सहा खांबांपैकी चौथ्या खांबाशी एक गृहस्थ थांबले. स्कूटरवरूनच ढब्बूला खालीवर न्याहाळलं. त्यांच्याकडे मादी आहे, जोडी लावायची का, पहिलं पिल्लू तुमचं. मी म्हटलं, नाही, याच्या कोपरांत दोष आहे, तो पिल्लांत उतरतो. ते म्हणाले, अहो दिसत तर नाही. मग थोडा विचार करून, अगदी सरळपणे: "मेटिंगला द्यायचा नाही, पळवायचा नाही, मग ठेवलाय कशाला?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण घड्याळात अठरा मिनिटं झाली होती आणि ढब्बूचा पाचवा खांब अजून वाचायचा राहिला होता.