दोन रेषांमधली जागा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना मला नववीची जीवशास्त्राची वही आठवते. आमच्या बाई पेशीतल्या तंतुकणिकेची (मायटोकॉन्ड्रियाची) आकृती एका रेषेत काढलेली मान्य करत नसत. "आवरण दुहेरी आहे, दोन रेषा काढा आणि मधली जागा दिसू द्या," असे सांगून त्यांनी माझी आकृती तीनदा पुसायला लावली होती.

त्या जागेचे मोल मला शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकताना कळले. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाघर, एवढेच तोवर पाठ होते. पण मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक तयार होण्याची सुरुवातही तिथेच होते आणि शेवटही. आपल्या गुऱ्हाळांत गुळाचे रवे थप्पी लावून ठेवतात, तसा स्टेरॉइड संप्रेरकांचा साठा पेशी करत नाही; साठा असतो तो ज्यापासून ती बनतात त्या, मेदाच्या थेंबांतील कोलेस्टेरॉलचा. पीयूषिका ग्रंथीचा निरोप आला की ते तंतुकणिकेच्या आतल्या आवरणापर्यंत पोचावे लागते, परंतु दोन आवरणांमधली जागा पाणीदार आणि कोलेस्टेरॉल पाण्यात न विरघळणारे, त्यामुळे सारी प्रक्रिया इथेच अडते. ही अडचण सोडवणारे 'स्टार' नावाचे प्रथिन १९९४ मध्ये ओळखले गेले. आत पोचल्यावर एक विकर २७ कार्बनच्या कोलेस्टेरॉलमधून सहा कार्बनची शेपटी तोडते आणि २१ कार्बनचे प्रेग्नेनोलोन उरते. ते बाहेर पडून नितळ आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पातळ आवरणांच्या जाळ्यात, जाते, तिथल्या विकरांकडून बदलत जाते आणि कॉर्टिसॉल व्हायला एकच पायरी उरली असता पुन्हा तंतुकणिकेत परतते. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाला मात्र हा परतीचा प्रवास नाही. ते जालिकेतच पूर्ण होते. दोन अंगकांमधली ही ये-जा मला आजही विलक्षण वाटते.

'स्टार' प्रथिनाच्या जनुकात जन्मतः गंभीर दोष असलेल्या बाळाची अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलने भरून फुगते, पण संप्रेरक जवळजवळ तयारच होत नाही. वेळेत निदान झाले, तर बाहेरून संप्रेरके देऊन असे बाळ वाचवता येते.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा 'स्टार'चा शोध लागायचा होता. पुढे त्यांच्या मंगळवार पेठेतल्या घरी जाऊन मी हे सारे आकृती काढून समजावले, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "हे प्रथिन काम करते ते नेमके कोणत्या आवरणावर?" बाहेरच्या, असे मी सांगितले. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले आणि बाहेरच्या रेषेवर एक ठसठशीत टिंब काढले.