ड्रॉइंगवर मायक्रॉन कुणी लिहायचे?

मकरपुरा जीआयडीसीत आमचं हार्ड ॲनोडायझिंगचं, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने कडक थर आणायचं, जॉबवर्क आहे. असं सांगितलं की समोरच्याला आधी स्वयंपाकघरातली करडी कढई आठवते. त्यात चूक काहीच नाही. कढईवरचा थर आणि आमच्याकडे येणाऱ्या न्यूमॅटिक पिस्टनवरचा थर एकाच जातीचे, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, म्हणजे सिरॅमिकच. फरक एवढाच, की कढईला कुणी मायक्रोमीटर लावत नाही.

ड्रॉइंगवर बहुतेक वेळा ‘हार्ड ॲनो, ब्लॅक’ एवढंच असतं. जाडी किती, ती धरून मशिनिंग केलंय का, काही नाही. वर तोंडी सूचना, “भाई, सरस काळो करी आपजो.” काळा करून देतो हो, पण हा थर रंगासारखा वरून चढत नाही. सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत पार्ट पॉझिटिव्हला जोडला की त्याच्याच अंगचं ॲल्युमिनियम ऑक्साइड होत जातं. ढोबळमानाने निम्मा थर आत, निम्मा बाहेर. 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घेतले तर प्रत्येक पृष्ठभाग 25 ने वर येतो, आणि 20.00 मिलिमीटरचं बोअर, म्हणजे भोक, 19.95 होतं. आट्यांची तर आणखी गंमत. 60 अंशांच्या बाहेरच्या आट्याचा पिच डायमीटर, म्हणजे आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास, तेवढ्याच थराने 100 मायक्रॉन फुगतो. मग आटे तपासायचं गेज जात नाही आणि पार्ट आम्ही बिघडवला म्हणून फोन येतो.

टाकी शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागते. गरम ॲसिड तयार होणारा थर खात सुटतं, मग हाताला खडूसारखी भुकटी लागते. बडोद्याच्या मे महिन्यात हे सांभाळायचं म्हणजे चिलरची कसोटी आणि वीजबिलाचं काही विचारू नका.

धातूही बघावा लागतो. 6061, 6082 हे मिश्रधातू म्हणजे गुणी पोरं. तांबं असलेला 2024 आला की करंट हळूहळू चढवायचा, नाहीतर जॉब जळतो. डायकास्टिंगमध्ये सिलिकॉन भरपूर असतं, थर ठिगळासारखा येतो. धारदार कोपरा तर नकोच. दोन्ही बाजूंचा थर काटकोनात वाढतो, मध्ये फट राहते आणि तिथूनच टवका उडतो. 50 मायक्रॉनला दीडेक मिलिमीटरची गोलाई द्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकणारे थोडेच.

एवढं करून हवं कशाला? पॅकिंग मशीनचा पुढे-मागे धावणारा आर्म घ्या. पोलादाची घनता 7.85, ॲल्युमिनियमची 2.7. हलका आर्म लवकर थांबतो, लवकर उलटा फिरतो, पण उघडं ॲल्युमिनियम घासलं की संपलं. सुरतेच्या यार्नवाल्यांकडून आलेला एक गाइड माझ्या टेबलावर आहे. नुसत्या पॉलिस्टरच्या धाग्याने त्यात नख अडकेल एवढी खाच पाडलीय.

याहून कडक थर हवा तर प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशन. त्यात ॲसिड नाही, पातळ अल्कली असते. व्होल्टेज काहीशे व्होल्टपर्यंत जातं आणि बुडालेल्या पार्टच्या अंगभर बारीक ठिणग्या नाचायला लागतात. त्या उष्णतेने ऑक्साइडचा काही भाग स्फटिक होतो, म्हणजे थेट कुरुंदच. वरचा सच्छिद्र थर मात्र घासून काढावा लागतो, आणि खर्चही जास्त. नुसत्या गंजाची भीती असेल तर साधं ॲनोडायझिंग करून गरम पाण्यात सील केलेलं पुरतं. झिजेसाठी असेल तर सील करू नका, थर मऊ पडतो.

परवा दांडिया बाजारातला एक मुलगा ड्रोनचा मॅग्नेशियमचा ब्रॅकेट घेऊन आला. “काका, तुमच्या टाकीत होईल का?” म्हटलं, अरे, बुडबुडे सोडत विरघळून जाईल तो. याला ठिणग्यांचीच टाकी लागते, ती आमच्याकडे नाही. दुसरीकडे पाठवायच्या आधी त्याच्याकडून ड्रॉइंगवर दोन गोष्टी लिहून घेतल्या, थराची जाडी आणि जिगचा, म्हणजे टाकीत पार्ट धरणाऱ्या पकडीचा, डाग कुठे चालेल ती जागा. मग त्याने विचारलं, काळा मिळेल ना? म्हटलं, आधी जाडी ठरव, रंगाचं मागाहून बघू.