'पुट ऑफ' म्हणजे नुसते पुढे ढकलणे नव्हे

परवा भाचीच्या इंग्रजीच्या वहीत 'द स्मेल पुट हर ऑफ' या वाक्याखाली 'वासाने तिला पुढे ढकलले' असे लिहिलेले दिसले. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, एवढेच तिच्याकडून पाठ करून घेतलेले होते, त्यामुळे तिला दोष देववेना. त्या वासाने तिची अन्नावरची वासनाच उडाली, असे ते वाक्य सांगते.

या फ्रेजल व्हर्बचा, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ'सारखा छोटा शब्द जोडून बनलेल्या क्रियापदाचा, अर्थ ठरवताना मी आधी त्याचे कर्म पाहतो. कर्म सभा, परीक्षा किंवा एखादे काम असेल, तर ते लांबणीवर टाकले असे समजावे; सभा कायमची रद्द झाली असेल तर मात्र 'कॉल ऑफ' म्हणावे लागते. गंमत अशी, की 'पोस्टपोन' या शब्दातही लॅटिनमधले 'नंतर' आणि 'ठेवणे' हेच दोन घटक आहेत, आणि आपल्या 'लांबणीवर टाकणे'तही तीच कल्पना आहे.

कर्म माणूस असेल, तर खरी कसोटी लागते. नेम धरणारा 'डोन्ट पुट मी ऑफ' म्हणतो तेव्हा 'माझे लक्ष विचलित करू नकोस' असे त्याला म्हणायचे असते. उसने पैसे मागायला गेलेला 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ' म्हणतो तेव्हा समोरचा त्याला आज देतो, उद्या देतो म्हणत झुलवत असतो. आणि एखाद्याच्या उर्मट बोलण्याने आपण 'पुट ऑफ' होतो, तेव्हा त्याच्याविषयी मन विटलेले असते. या सगळ्यांच्या मुळाशी 'ऑफ'मधले दूर सारणे आहे, आणि ते एकदा डोळ्यांसमोर आले की अर्थ वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

रचनेत दोनच गोष्टी जपाव्यात. सर्वनाम मध्येच येते, म्हणजे 'पुट इट ऑफ' बरोबर आणि 'पुट ऑफ इट' चूक. तसेच पुढे क्रियापद आले तर ते 'गोइंग' असे येते, 'टु गो' असे नव्हे.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो याचा जुना, आता मावळलेला अर्थ. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये जळत्या झुडपातून मोशे या संदेष्ट्याला देवाची आज्ञा होते, 'पुट ऑफ दाय शूज', कारण तो उभा आहे ती भूमी पवित्र आहे. तिथे 'पुट ऑफ' म्हणजे पायांतून काढून ठेवणे. आजचा इंग्रज त्यासाठी 'टेक ऑफ' म्हणतो.