सर्व्हरची लोड टेस्ट आणि 'इतर' खान्यातलं टिकिट

नवा फाइल सर्व्हर बसवणं, त्यावर लोड टाकून बघणं, आकडे काढणं याला जेवढा वेळ गेला, त्याच्या कितीतरी पट वेळ स्विचमधली एक सेटिंग बदलून घेण्यात गेला. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः त्या सेटिंगचा आहे. बाकीचं आठवेल तसं सांगतो.

पुण्यातलं आमचं इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीचं ऑफिस. सर्व्हर लिनक्सवर, त्यावर सांबा (विंडोज मशीनना फायली वाटणारा प्रोग्रॅम), आठ हार्डडिस्कचा रेड सिक्स (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो अशी जोडणी), 64 जीबी रॅम आणि एकेक गिगाबिटची दोन पोर्ट एलएसीपीने बाँड केलेली, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी. ड्रॉइंगवाली मंडळी वरच्या मजल्यावर, वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागात, मध्ये राउटर. स्विच विकत आम्हीच घेतलेत, पण पासवर्ड मात्र नेटवर्क सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

सुरुवात आयपर्फने करा. डिस्कला हातही न लावता नुसती वायर किती देते ते कळतं. गिगाबिटवर साधारण 940 मेगाबिट दिसले की वायर ठीक आहे असं समजा. म्हणजे सेकंदाला 117 एमबीच्या आसपास, आणि सांबातून फाइल कॉपी करताना 110-112 एमबी मिळाले तर तक्रार करू नका. एका मशीनवरून आम्हाला तेवढे मिळाले. मग सहा मशीनवर फायो (फायली वाचून-लिहून वेग मोजणारं टूल) टाकलं आणि सगळीकडे एकदमच सुरू केलं (फायोच्या क्लायंट-सर्व्हर मोडमध्ये हे एका जागेवरून करता येतं, मजले चढत बसू नका). सहाही मशीनची बेरीज 112 एमबी. दोन पोर्ट असून एकाच पोर्टएवढी.

पुरवठादाराचा माणूस हे बघून लगेच म्हणाला, "सर, एसएसडी टाका, हार्डडिस्क कमी पडतायत." कोटेशन त्याने बहुतेक खिशातच ठेवलं होतं. साहेबांनाही ते पटायला लागलं होतं. मी सर्व्हरवरच बसून फायो चालवलं, सलग वाचन 600 एमबीच्या पुढे गेलं. ज्या डिस्क 600 देतात त्या 112 ला का अडतील? कोटेशन परत गेलं. याचा मला आजही अभिमान आहे, लपवत नाही.

इथे एक सांगायचं राहिलं. टेस्टची फाइल रॅमच्या किमान दुप्पट ठेवा. 64 जीबी रॅमवर दहा जीबीची फाइल वाचलीत तर तुम्ही डिस्क नाही, रॅम मोजताय. डीडी कमांडने नुसती शून्यं लिहून वेग मोजणारे तर अजूनही भेटतात. फाइल सिस्टिममध्ये कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यं जवळजवळ जागाच घेत नाहीत आणि आकडा आभाळाला भिडतो. विंडोज मशीनवर फायोला डायरेक्ट पर्याय द्या, नाहीतर क्लायंटची कॅश मध्ये येते.

तर 112. टेस्ट चालू ठेवून सर्व्हरवर सार ही आकडे दाखवणारी कमांड लावली आणि दर सेकंदाला दोन्ही कार्डांचे आकडे बघत बसलो. पहिल्या कार्डाचा पाठवण्याचा आकडा एक लाख वीस हजार केबीच्या घरात, दुसऱ्याचा जवळपास शून्य. खिडक्या दोन, आणि सगळी रांग एकाच खिडकीशी. कारण असं, की लिनक्सच्या बाँडिंगमध्ये कोणतं पॅकेट कोणत्या पोर्टने जाणार हे मुळात मॅक पत्त्यांवरून, म्हणजे नेटवर्क कार्डांच्या स्वतःच्या पत्त्यांवरून ठरतं. त्या सेटिंगला लेयर टू म्हणतात. क्लायंट त्याच व्हीलॅनमध्ये असतील तर प्रत्येकाचा मॅक वेगळा, वाटणी होते. आमचे क्लायंट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये, त्यामुळे सर्व्हरला सहाही जणांच्या जागी एकच मॅक दिसतो, राउटरचा. एक मॅक, एक उत्तर, एक पोर्ट.

सर्व्हरच्या बाजूचा इलाज माझ्या हातात होता. हॅश पॉलिसी (पोर्ट निवडायचा हा नियम) लेयर टू प्लस थ्री केली, म्हणजे आयपी पत्ताही हिशेबात येतो. (थ्री प्लस फोर असाही पर्याय आहे, पण तो एलएसीपीच्या मानकात पूर्णपणे बसत नाही, म्हणून मी टाळला.) वाचनाची बेरीज लगेच 220 च्या पुढे. वाटणी समसमान मात्र होत नाही. आमच्याकडे चार मशीन एका पोर्टवर पडली, दोन दुसऱ्यावर, त्यामुळे त्या दोघांना दुप्पट वेग मिळत होता. ते चालतं.

लिहिणं मात्र 112 वरच. कारण सर्व्हरकडे येणारं पॅकेट कुठल्या पोर्टने द्यायचं हे स्विच ठरवतो, आणि आमचा स्विचही पाठवणाऱ्याचा मॅक बघूनच ठरवत होता. तिथेही तोच एकटा राउटर. स्विचवर तो हिशेब आयपीवर न्यायचा, काम संपलं.

काम संपलं? आता कंत्राटदाराचं पोर्टल. टिकिट टाकायचं तर प्रकार निवडावा लागतो: केबल, पोर्ट बंद, वायफाय, पासवर्ड, इतर. 'इतर' निवडलं की प्रायॉरिटी आपोआप सगळ्यात खालची. वाट बघितल्यावर फोन आला, "सर, दोन्ही पोर्ट अप दिसतायत, टिकिट क्लोज करतो." मी म्हटलं, अहो, पोर्ट अप आहेत हे मीच लिहिलंय. तरी टिकिट बंद. पुन्हा उघडलं तर नवीन नंबर, नवीन माणूस, आणि पहिल्यापासून कथा. मग कळलं की हे टिकिटाचं कामच नाही, चेंज रिक्वेस्ट लागते. तिच्या फॉर्ममध्ये 'बिझनेस जस्टिफिकेशन', 'इम्पॅक्ट', 'रोलबॅक प्लॅन' (बदल फसला तर मागे कसं यायचं). ज्या स्विचचं लॉगिन मला नाही, त्याचा रोलबॅक प्लॅन मी लिहायचा! लिहिला. तो मंजुरीच्या मीटिंगमध्ये गेला आणि 'माहिती अपुरी' असा शेरा घेऊन परत आला. कोणती माहिती, ते लिहिलेलं नव्हतं.

शेवटी फॉर्ममधली सगळी भाषा काढून टाकली आणि दोन स्क्रीनशॉट जोडले: वाचताना दोन्ही कार्डं भरलेली, लिहिताना एक भरलेलं आणि एक रिकामं. खाली एकच मागणी, पोर्ट चॅनेलची (स्विचच्या बाजूने त्या बाँडचं नाव) लोड बॅलन्सिंग पद्धत आत्ता काय आहे तेवढं कळवा. ते बघून त्यांच्या एका सीनियर इंजिनिअरने स्वतःहून फोन केला. त्याला दोन मिनिटांत समजलं. त्याची अडचण खरी होती, तेही सांगतो. त्या स्विचवर ही सेटिंग एका पोर्ट चॅनेलपुरती नसते, अख्ख्या स्विचला लागते, म्हणून दिवसा हात लावता येत नाही. हे पहिल्याच फोनवर कोणी बोललं असतं तर मी इतका चिडलो नसतो. रात्री बदल झाला, लिहिणंही दोनशेच्या पुढे गेलं.

छोट्या फायलींचं वेगळं मोजा, मोठ्या फायलीचा आकडा तिथे उपयोगाचा नाही. त्यासाठी डीबेंच हे टूल बरं. सांबा लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलनेच ते लिहिलं, कारण त्या काळच्या नेटबेंच टेस्टला खोलीभर विंडोज पीसी लागायचे. आमच्या स्कॅनच्या एकाच फोल्डरमध्ये हजारो पीडीएफ होत्या आणि तिथे नवी फाइल टाकायला नको इतका वेळ लागायचा. विंडोजला लहान-मोठी अक्षरं सारखीच, म्हणून सांबाला नाव तपासायला अख्खं फोल्डर चाळावं लागतं. त्या शेअरपुरतं केस सेन्सिटिव्ह (लहान-मोठी अक्षरं वेगळी धरणं) चालू केलं, नवी नावं लहान अक्षरांतच जातील असं केलं. पण आधी जुनी सगळी नावं लहान अक्षरांत करून घ्या, नाहीतर फायली सापडणार नाहीत.

आणि स्विचवर बदल झाला की तो सेव्ह केल्याचं आउटपुट मागून घ्या. न केल्यास यूपीएसच्या पुढच्या मेंटेनन्सनंतर स्विच जुन्याच सेटिंगने उठतो, आणि तुम्हाला पुन्हा 'इतर' निवडावं लागतं.