तुम्ही विचारलंत म्हणून: राणीच्या बोटींचं मला एवढं काय?

प्रश्न दर वेळी तोच, विचारणारा तेवढा बदलतो. वाचनालयातलं व्याख्यान संपतं, चहा फिरतो, आणि कुणीतरी जवळ येऊन म्हणतं, "काका, तुम्ही रत्नागिरीचे. आंग्र्यांचं आरमार सोडून इंग्रजांच्या राजाराण्यांच्या आगबोटींचं एवढं कौतुक कसलं?" गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलीने तर सरळच विचारलं, "ही गुलामगिरीची हौस नाही का?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. रात्री झोप लागली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी रागाचं बोलून घेतो. आंग्र्यांवर लिहिणारे माझ्याहून जाणकार लोक आहेत. गुराबा आणि गलबतं वाऱ्यावर चालायची, आणि वारा मला कळत नाही. मला वाफ कळते. बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली पहिली नऊ स्टीम टर्बाइनच्या तेलवाहू जहाजांवर. ती जहाजं भंगारात गेली, त्यांचे कागदही गेले. राजाराण्यांच्या बोटींचा मात्र खिळा न् खिळा नोंदलेला आहे. वाफेचा इतिहास शोधायला निघालं की वाट तिथूनच जाते. आणि राजा बोटीतून येतो तो दर वेळी मिरवायलाच येतो, असंही नाही. रत्नागिरीच्या पोरांना हे थिबा पॅलेसमुळे लहानपणीच कळतं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली बोटीनेच आमच्या गावी आणून ठेवलं, आणि १९१६ साली तो तिथेच वारला. इजिप्तची राजबोट 'महरूसा' १८६५ साली लंडनमध्ये बांधली, तिथल्या राज्यकर्त्यासाठी, खेदिव इस्माईलसाठी. १८७९ साली पदच्युत इस्माईलला तिनेच नेपल्सला पोचवलं, आणि १९५२ साली त्याचा नातू राजा फारूक तिच्यावरूनच नेपल्सला गेला, तोही गादी सोडून. या बोटींवर मिरवणुकी झाल्या तशा या गोष्टीही झाल्या.

हे उत्तर मी अनेकदा दिलं आहे. ते खरं आहे, पण पुरतं नाही. उरलेलं आजवर सांगितलं नव्हतं.

१९७८ साल. मी पाचवा इंजिनिअर, खलाशांच्या भाषेत 'पाच साब'. रात्री बारा ते चारच्या वॉचला माझ्याबरोबर एक तेलवाला, म्हणजे यंत्रांना तेल घालणारा, होता, दाभोळच्या खाडीकाठचा, पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणायचो. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरचे आहेत. चाचांचे वडील पी अँड ओ या इंग्रजी कंपनीच्या बोटींवर आगवाले होते, भट्टीत कोळसा घालणारे. त्यातली एक बोट 'मेडिना'. चाचा तिला 'मदिना' म्हणायचे. त्या नावाच्या बोटीवर काम मिळालं ही वडिलांना बरकत वाटली होती. आणि ही साधी बोट नव्हती. १९११ साली पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी आला तो हिच्यावरून. राजाची घरची बोट 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' इतक्या लांबच्या समुद्राला योग्य नव्हती, म्हणून पी अँड ओची ही कोरी बोट घेतली, राजाची निशाणं लावायला तिच्यावर तिसरी डोलकाठी उभी केली आणि नौदलाची माणसं चढवली. २ डिसेंबरला राजा-राणी अपोलो बंदरावर उतरले. चाचांचे वडील तिच्यावर गेले ते नंतर, बोट पुन्हा टपाल-प्रवाशांच्या कामाला लागल्यावर. पण खालच्या लोकांत एक बोलणं चालत आलं होतं: राजा वर झोपला होता तेव्हा खाली एक वाल्वसुद्धा गळत नव्हता म्हणे.

बॉयलरच्या घरघरीत, रात्रीच्या दोन वाजता, मी हे ऐकलं. रॉयल यॉटशी, म्हणजे राजाराण्यांच्या खास बोटींशी, माझी ओळख झाली ती अशी, कोणत्या पुस्तकातून नव्हे.

आमच्या जहाजावर मात्र गळत होतं. मुख्य स्टीम लाइनच्या एका फ्लँजमधून, म्हणजे पाइपाच्या सांध्यातून, बारीक सुस्कारा यायला लागला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हवेच्या साठ पट दाबाची आणि पाचशे अंशांच्या वरची वाफ दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी जे पांढरं दिसतं ते थंड झालेल्या पाण्याचे थेंब असतात. ही वाफ काचेसारखी, नुसता आवाज. ती शोधायची तर लांब दांड्याला चिंधी बांधून पुढे धरत जायचं, चिंधी फाटली की तिथे गळती. मी तशीच शोधली आणि वर कळवलं. गॅस्केट, म्हणजे सांध्यातली चकती, बदलायला लाइन बंद करावी लागणार होती, म्हणजे भर समुद्रात जहाज थांबवायचं. वरून ठरलं की बंदर चार दिवसांवर आहे, तिथे बघू. तोवर तिथे कुणी जाऊ नये म्हणून आडवी दोरी बांधा, पाटी लावा. दोरी मीच बांधली.

तिसऱ्या रात्री समुद्र उठला होता. तीनच्या सुमारास मी चाचांना म्हटलं, "चाचा, पलीकडच्या पंपाचं बेअरिंग बघून येता का?" ते रीडिंग चारला घेतलं असतं तरी चालणार होतं. मला झोप येत होती, लॉगबुक लवकर भरून मोकळं व्हायचं होतं. जायला वरच्या जाळीवरून लांबचा रस्ता होता. चाचा जवळच्या रस्त्याने गेले. मी पाहिलं, आणि हाक मारली नाही. ते दोरीच्या अलीकडूनच चालले होते. जहाज लोळलं, आणि तोल सावरायला त्यांनी उजवा हात पुढे केला.

ओरडल्याचं मला ऐकू आलं नाही. सुस्काऱ्याचा सूर तेवढा बदलला, क्षणभर खाली गेला आणि परत वर आला. चाळीस वर्षांहून जास्त झाली. कुकरची शिटी पडायच्या आधी जो सूर येतो तो आला की मी आजही स्वयंपाकघरातून बाहेर जातो. बायकोला माहीत आहे, ती काही बोलत नाही.

त्या रात्री जहाज थांबलं. लाइन बंद झाली, निवली, गॅस्केट बदललं. जे काम चार दिवस थांबू शकत होतं ते सकाळी आठच्या आत झालं. चाचांना पुढच्या बंदरात उतरवलं. हात राहिला, पण मूठ पुन्हा कधी वळली नाही. जहाजावरून उतरल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. शब्द जुळवून नेले होते, ते तोंडातून निघालेच नाहीत. चाचांनी डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "पाच साब, तो फ्लँज आता कसा आहे?"

कोणत्याही साहेबाचं, कोणत्याही कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. दोरी मी बांधली होती आणि माणूसही मीच पाठवला होता. तेव्हाचा पंचविशीचा मी म्हणायचो की नियम पाळला होता, पाटी होती, दोरी होती. त्या पोराशी मी अजून भांडतो. तो दर वेळी दोरीकडे बोट दाखवतो, आणि दोरी तर खरंच होती.

आता लीथ. २०११ साली मुलगी एडिंबरोला शिकत होती, तिच्याकडे गेलो होतो. तिथल्या लीथ बंदरात एलिझाबेथ राणीची 'ब्रिटानिया' कायमची बांधून ठेवली आहे. क्लाइडबँकला बांधलेली, १९५३ साली पाण्यात सोडलेली, दोन टर्बाइनं, बारा हजार अश्वशक्ती, दहा लाखांहून जास्त सागरी मैल चाललेली. माणसं राणीची झोपायची खोली बघायला रांग लावतात. बोटीवरची घड्याळं तीन वाजून एक मिनिटावर थांबवलेली आहेत, ११ डिसेंबर १९९७ रोजी राणी शेवटची उतरली ती वेळ. मी त्यांच्यासमोरून भरभर गेलो आणि शेवटी इंजिनरूमपाशी पोचलो. आत हात लावता येत नाही, बघण्यापुरती जागा आहे.

पांढरा रंग. पितळ लखलखीत. पायाखालच्या पत्र्यांत दिवे दिसत होते. मी फ्लँज मोजायला लागलो. एकाही सांध्यावर डाग नव्हता, पाइपांवरच्या वेष्टणावर पिवळा ओघळ नव्हता. चव्वेचाळीस वर्षं नोकरी केलेलं हे इंजिन होतं. आमच्या जहाजाला पाचव्या वर्षी असं रूप नव्हतं. मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना." मला हलता येईना. 'एक वाल्व गळत नव्हता म्हणे' हे मी दंतकथा समजत होतो, आणि इथे तर ते डोळ्यांसमोर होतं. वाफ अशीही सांभाळता येते. माणसं, वेळ आणि पैसा मोजायचा नाही असं कुणी ठरवलं तर येते.

परत आल्यावर मी झपाटल्यासारखा वाचायला लागलो आणि व्याख्यानं द्यायला लागलो. १८४३ ची वल्ह्याच्या चाकांची पहिली 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट', १९०७ ची टर्बाइनवाली 'अलेक्झांड्रा', ते सगळं तुम्ही ऐकलं आहे, पुन्हा सांगत नाही. सुरुवातीच्या व्याख्यानांत मी छातीठोकपणे म्हणायचो की काळजी घेतली तर वाफ माणसाला इजा करत नाही, राजाच्या बोटी बघा.

हे मी चूक बोललो. सगळ्यात जास्त काळजी घेतलेल्या बोटींनीच मला खोटं पाडलं. १८ ऑगस्ट १८७५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला सोलंटच्या सामुद्रधुनीत व्हिक्टोरिया राणीची 'अल्बर्टा' एका खासगी शिडाच्या यॉटवर, 'मिसलटो'वर, आदळली. 'मिसलटो'वरची तीन माणसं गेली. राणी स्वतः बोटीवर होती. ३ जानेवारी १९०० रोजी पेम्ब्रोकच्या गोदीत तिसऱ्या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट'ला पाण्यावर घेतलं, तर ती एका अंगाला कलंडली, कारण वरच्या भागात ठरल्यापेक्षा जास्त वजन चढलं होतं. नौदलाचे मुख्य रचनाकार सर विल्यम व्हाइट यांच्या नावाला त्याने कायमचा बट्टा लागला, आणि व्हिक्टोरिया राणीने त्या बोटीवर कधी पाऊल ठेवलं नाही. 'ब्रिटानिया'चंही तसंच. युद्धात तिचं इस्पितळ होईल असं सांगून ती बांधली होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात गेली नाही, कारण तिचं जाड इंधन इतर ताफ्याच्या इंधनाहून वेगळं होतं. १९८६ साली एडनच्या किनाऱ्यावरून हजारावर निर्वासित मात्र तिनेच उचलले. आणि शेवटी तिची दुरुस्तीही परवडेनाशी झाली. १ कोटी ७० लाख पौंड लागणार आणि त्यातून पाचच वर्षं मिळणार, म्हणून १९९४ साली सरकारने ती काढायचं ठरवलं. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं की वाईट, अजून सांगता येत नाही.

त्या मुलीला सांगायचं राहिलं ते हे. तू हौस म्हणालीस, मला लागलं, कारण थोडी हौस आहे. ते पितळ बघताना मला आनंद झाला होता, मी तो नाकारत नाही. पण त्याच वेळी हेही कळत होतं की ते पितळ चकाकत होतं ते वर राणी झोपायची म्हणून. वर कुणी नसेल, नुसतं कच्चं तेल भरलेलं असेल, तर खालच्या माणसाच्या वाट्याला दोरी आणि पाटी. मला त्या बोटींचा हेवा वाटतो. हेव्याला तू कौतुक म्हणालीस तर मी वाद घालणार नाही.

'मेडिना'चं काय झालं तेही सांगतो. २८ एप्रिल १९१७ रोजी, हिंदुस्थानातून परतताना, इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. प्रवासी वाचले. मेले ते खाली इंजिनरूममध्ये कामावर असलेले. चाचांचे वडील त्या फेरीला नव्हते. बंगालचे माजी गव्हर्नर लॉर्ड कारमायकेल यांचं सामान तिच्याबरोबर बुडालं, आणि १९८० च्या दशकात गोताखोरांनी ते वर काढलं. त्या सामानाबद्दल वाचायला भरपूर मिळतं.

पुढचं व्याख्यान चिपळूणला आहे. पहिलं चित्र 'मेडिना'चं लावणार आहे. माझ्याकडे आहे ते वरच्या डेकचं: शिडशिडीत राणी मेरी, छत्री, निशाणं. तिच्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांचं एक तरी चित्र मिळावं म्हणून मी सात वर्षं शोधतो आहे. कुणाच्या घरी, कुणाच्या आजोबांच्या पेटीत असेल तर कळवा. मी येऊन बघून जाईन.