स्वदेश वगळून सर्व देशांसाठी वैध

जर्मनीत शरणार्थी म्हणून मान्यता मिळालेल्या माणसाला निळ्या मुखपृष्ठाचे एक प्रवासपत्र मिळते. ते पासपोर्टसारखेच दिसते आणि त्यावर इतर देशांचे व्हिसाही घेता येतात. मात्र ते कोणत्या देशांत चालेल हे सांगणाऱ्या ओळीत धारकाचा स्वतःचा देश वगळलेला असतो. दर डिसेंबरात ठाण्याला येऊन, राम मारुती रोडवरची खरेदी आणि मामलेदारची मिसळ उरकून कोलोनला परतणारे आमच्यासारखे लोक स्वतःला मोठ्या तोऱ्यात ‘परदेशस्थ’ म्हणवतात. एका बांगलादेशी परिचितांनी आपले प्रवासपत्र मला दाखवले, तेव्हापासून तो तोरा मला जरा संकोचाचा वाटू लागला आहे.

मी त्यांना दादा म्हणते. ते मुस्लिम घरात वाढले, विद्यार्थिदशेत श्रद्धा सुटली आणि पुढे बंगालीत धर्मचिकित्सा लिहू लागले. त्यांचे नाव मी देत नाही, कारण त्यांची आई आणि बहीण अजून तिथेच राहतात.

त्यांनी देश का सोडला, हे समजण्यासाठी 2013 पासूनचा घटनाक्रम पाहावा लागतो. त्या वर्षी जानेवारीत आसिफ मोहिउद्दीन या नास्तिक लेखकावर सुरीहल्ला झाला. ते वाचले, तर एप्रिलमध्ये सरकारनेच त्यांना धार्मिक भावना दुखावल्याबद्दल अटक केली. फेब्रुवारीत अहमद राजीब हैदर या नास्तिक ब्लॉगरची ढाक्यात हत्या झाली आणि पाठोपाठ 84 ‘नास्तिक’ लेखकांच्या नावांची यादी सरकारदरबारी पोहोचली. 26 फेब्रुवारी 2015 रोजी नास्तिक लेखक अभिजित रॉय यांना ढाक्याच्या पुस्तक मेळ्यातून परतताना, भर गर्दीत, पत्नीच्या डोळ्यांदेखत मारण्यात आले. सिल्हेटचे नास्तिक लेखक अनंत बिजॉय दास यांना स्वीडनमधील लेखक संघटनेचे निमंत्रण होते, पण ते परतणार नाहीत या शंकेने व्हिसा नाकारला गेला आणि काही दिवसांतच, 12 मे रोजी, घराजवळ त्यांची हत्या झाली. अभिजित आणि अनंत दोघेही जन्माने हिंदू होते, हे येथे मुद्दाम नोंदवते, कारण ठाण्यात ही हकिगत सांगताना ते नेहमी गाळले जाते. मारेकऱ्यांच्या लेखी त्यांचा गुन्हा नास्तिकतेचा होता.

दादा त्याच वर्षी निघाले. जीव वाचला, असे म्हणून गोष्ट येथे संपवण्याचा मोह होतो, पण खरी गुंतागुंत इथून पुढे सुरू होते. आश्रय मागणाऱ्याला आपली अश्रद्धा सिद्ध करावी लागते, आणि नसलेल्या श्रद्धेचा पुरावा कोणत्या कागदावर मिळणार? ब्रिटनमध्ये धर्म सोडलेल्या एका पाकिस्तानी मानवतावाद्याचा अर्ज 2018 च्या सुमारास फेटाळला गेला, तेव्हा त्याला प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांची नावे सांगता आली नाहीत हे एक कारण दिले गेले होते. पुढच्या वर्षी त्याला आश्रय मिळाला खरा; पण धर्म सोडायला ग्रीक तत्त्वज्ञान वाचावे लागते, ही समजूत कोणत्या टेबलामागे जन्मली असेल याचे कुतूहल मला अजून आहे. दादांकडे निदान छापील लेख होते. ज्या मुलीने शंका कधी उघड बोलूनच दाखवली नाही, तिने काय दाखवावे?

निवाड्याची वाट पाहण्याचे महिने दादांनी निर्वासितांच्या वसतिगृहात काढले. ज्यांच्यापासून पळून आलो त्यांच्याच मताची माणसे शेजारच्या खाटेवर निघाली, असे ते सांगतात. रमजानमध्ये ते पहाटे सर्वांबरोबर उठत आणि दुपारी रेल्वे स्थानकावर जाऊन पाव खाऊन येत. आजही बांगलादेशी किराणा दुकानात ते गप्पा टाळून मासे घेतात आणि निघतात. ईदला आईचा फोन येतो, नमाज झाली का असे ती विचारते आणि दादा झाली म्हणून सांगतात. जाहीर सभेत ईश्वर नाकारणारा हा माणूस आईला मात्र दरवर्षी तेच उत्तर देतो. यात मला ढोंग दिसत नाही. आईचे वय झाले आहे, आणि समोर बसून तिला समजावण्याची सोय त्या प्रवासपत्राने ठेवलेली नाही. मायदेशी पाऊल ठेवल्यास शरणार्थीचा दर्जाच धोक्यात येऊ शकतो.

हे सारे ज्या देशात घडते, तिथे धर्म सोडणे हे कचेरीतले साधे काम आहे. जर्मनीत चर्चच्या सभासदाकडून प्राप्तिकराच्या आठ ते नऊ टक्के इतका चर्चकर घेतला जातो. तो नको असेल तर कोलोन ज्यात येते त्या आमच्या जर्मन राज्यात स्थानिक न्यायालयात जाऊन थोडे शुल्क भरायचे आणि सही करायची. एकट्या 2022 मध्ये 5 लाखांहून अधिक लोकांनी कॅथलिक चर्च असे सोडले. याच जर्मनीत मूळच्या इराणी असलेल्या मीना अहादी यांनी 2007 मध्ये माजी मुस्लिमांची परिषद स्थापन केली, तेव्हा मात्र त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि पोलिस संरक्षण घ्यावे लागले.

दादांना सर्वांत जास्त थकवतात ते त्यांचे चाहते. स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या एका गटाने त्यांना भाषणाला बोलावले होते. त्यांनी नकार कळवला, कारण त्या मोर्चातल्या घोषणा त्यांच्या आईविरुद्धही होत्या. दुसरीकडे, पुरोगामी म्हणवणारे काही मित्र ‘आत्ता हा विषय नको’ म्हणून त्यांना गप्प करतात.

ठाण्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावरही माजी मुस्लिमांच्या चित्रफिती उत्साहाने फिरतात. पाठवणाऱ्यांपैकी काहींनी आमच्याच सोसायटीत सत्यनारायणाची वर्गणी नाकारणाऱ्या शेजाऱ्याशी बोलणे टाकले होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्याविषयी या गटावर कधी अवाक्षर निघत नाही. दुसऱ्याच्या घरातला बंडखोर सर्वांना प्रिय असतो.

दादांना मी हमीद दलवाईंविषयी सांगितले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस 1966 मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढतो, 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापतो, आणि 1977 मध्ये त्याच्या इच्छेनुसार धार्मिक विधींशिवाय त्याचे दहन होते. हे सारे त्याने विरोध सोसत, पण आपल्याच मुलखात राहून केले. आपण कोणत्याच धर्माचे नाही असे म्हणण्याचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये मान्य केला, आणि त्या खंडपीठातले न्या. अभय ओक वकिली सुरू करताना ठाण्याच्या न्यायालयात होते, हेही मी काहीशा गावाभिमानाने सांगितले.

दादांनी सारे ऐकून घेतले आणि मग आपण ठाण्यात राहू शकलो असतो का, असे विचारले. उत्तर त्यांना बहुधा ठाऊकच होते. भारताने 1951 च्या शरणार्थी करारावर सही केलेली नाही, त्यामुळे येथे आश्रय हा हक्क नसून सरकारच्या मर्जीचा भाग आहे. बांगलादेशी लेखिका तसलिमा नसरीन यांना 2007 मध्ये कोलकाता सोडावे लागले. जुलै 2017 मध्ये त्या अजिंठा-वेरूळ पाहायला आल्या, तेव्हा औरंगाबादच्या विमानतळाबाहेर जमाव जमला आणि पोलिसांनी त्यांना विमानतळावरूनच मुंबईला परत पाठवले. दादांना ही बातमी तारखेसह पाठ होती.