तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?

"प्रतिकारशक्ती वाढवूक काय घेवक व्हया?" आमवाताचं, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं, निदान झालं की पहिला प्रश्न हाच येतो. मुंबईचा चाकरमानी मुलगा आईसाठी फोन करतो तेव्हाही तो हेच विचारतो, फक्त भाषा बदलते. हिशेब सगळ्यांचा सारखा असतो: आजार झाला म्हणजे शरीर कुठेतरी कमी पडलं, मग जे कमी पडलं ते भरून काढावं. त्यात कुणीतरी डॉक्टरांच्या गोळीची माहिती मोबाइलवर वाचतं, 'ही कॅन्सरला देतात, प्रतिकारशक्ती कमी करते' असं घरात सांगतं, आणि गोळी फडताळात राहून काढा चुलीवर चढतो. तोवर बोटांचे सांधे झिजत राहतात, आणि झिजलेलं हाड परत भरून येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

उत्तर असं: वाढवायला काहीही घेऊ नका. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती रात्रंदिवस राबत असते, पण आपलं काय आणि परकं काय ही तिची ओळख एका ठिकाणी चुकलेली असते.

ओळख चुकते म्हणजे काय, हे कळायला आपल्याकडच्या घराचं खळं, म्हणजे अंगण, डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात वाटेने जाताना आत न डोकावताही कळतं, या घरात काय चाललंय. सुपात आमसुलं, ताटात फणसपोळी, चटईवर सुंगटं. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करते. आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती सुपात घालून बाहेर मांडते. या सुपाला एचएलए म्हणतात, आणि त्याचा घाट आईवडिलांकडून येतो. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी दारोदार फिरत ही सुपं चाचपत जातात. तुकडा घरचा असेल तर पुढच्या दारी. विषाणूचा असेल तर बोंब मारून गाव गोळा करायचा.

घरचा तुकडा कोणता हे टी पेशी शिकतात छातीच्या हाडामागच्या यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजे थायमसमध्ये. परीक्षा कडक असते. शंभरातल्या जेमतेम दोन-पाच पेशी तिथून जिवंत बाहेर पडतात. ज्यांना सुपंच वाचता येत नाहीत त्या मरतात, आणि ज्या घरच्याच तुकड्यावर जोरात धावून जातात त्यांनाही संपवलं जातं. तरीही काही चुकार निसटतात. त्यांना आवरण्यासाठी शरीराने नियंत्रक टी पेशी ठेवल्या आहेत. जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचं जनुक शोधलं, आणि २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. आवरणं हाही प्रतिकारसंस्थेचाच भाग आहे. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' या शब्दांना मला अर्थ लागत नाही. बोंब मारणाऱ्या वाढवायच्या की आवरणाऱ्या? बाटलीवर ते कधीच लिहिलेलं नसतं.

आता आमवातात काय होतं ते बघा. विडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसात, किंवा हिरड्यांच्या जुन्या दुखण्यात, काही घरच्या प्रथिनांमधला एक घटक बदलतो. आर्जिनीनचं सिट्रुलिन होतं. आमसुलाचा एक बाजूचा रंग उडावा, एवढाच बदल. बहुतेकांच्या सुपात हा बदललेला तुकडा नीट टिकत नाही. पण काही जणांच्या सुपाचा घाट असा असतो की तो तुकडा त्यात चपखल बसतो, आणि टी पेशीला तो परका वाटतो. बोंब होते, बी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी बनवायला घेतात. रक्ताच्या तपासणीत 'अँटी-सीसीपी' म्हणून सापडते ती हीच. सांधा दुखायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती रक्तात असू शकते. आमवात असलेल्या माणसाला विडी सोडायला सांगतात ती उगाच नव्हे.

सांध्याच्या आतलं अस्तर निरोगी माणसात एक-दोन पेशींच्या जाडीचं असतं. आमवातात ते फुगतं, जाड होतं, ओल्या भिंतीवरच्या शेवाळासारखं हाडाच्या कडेवर चढतं आणि ती कड खातं. दाह वाढवणारी रसायनं पहाटे जास्त असतात, म्हणून सकाळी फडका पिळायला गेलं तर मूठ मिटत नाही, आदोळीवर नारळ खवताना खोबऱ्याची कवड हातातून सुटते, आणि दहा-अकरा वाजता तोच हात हळूहळू चालायला लागतो. म्हातारपणी झिजलेल्या गुडघ्याचं उलट असतं: तो वापरून संध्याकाळी दुखतो. हस्तांदोलन करताना बोटांच्या मुळाचे सांधे दाबले गेले की कळ येते का, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त राहतो का, सूज दोन्ही हातांना आहे का, हे तीन प्रश्न 'आरए फॅक्टर' या रक्ततपासणीच्या कागदापेक्षा जास्त सांगून जातात. तो फॅक्टर क्षयात, कुष्ठरोगात, यकृताच्या काही संसर्गांत आणि नुसत्या म्हातारपणातही पॉझिटिव्ह येतो, आणि खरा आमवात असलेल्या काही जणांत निगेटिव्ह. चिकुनगुनियानंतरही सांधे महिनोन्महिने धरतात. मात्र सूज सहा आठवड्यांपुढे राहिली तर संधिवाततज्ज्ञांना दाखवाच.

आता फडताळातल्या त्या गोळीकडे येऊ. मेथोट्रेक्सेट. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन पाहत होते, त्यांच्या कामातून ती आली. कॅन्सरमध्ये ती काही वेळा ग्रॅमच्या हिशेबात शिरेतून देतात. आमवातात आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम. नाव एक असलं तरी काम निराळं: या थोड्या मात्रेत ती पेशी मारत सुटत नाही, दाहाच्या जागी अ‍ॅडिनोसिन नावाचा शांत करणारा पदार्थ वाढवते. बोंब थांबत नाही, तिचा आवाज उतरतो. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि काहीजण चौथ्या आठवड्यातच 'लागू पडत नाही' म्हणून ती सोडतात.

या गोळीचा सगळ्यात मोठा धोका तिच्या वारात आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर माणूस दगावू शकतो, आणि दगावलेले आहेत. चूक घरातल्या चांगल्या मनाच्या माणसाकडून होते: सून सगळ्या गोळ्या रोजच्या डबीत भरते, त्यात हीही जाते. म्हणून एक वार ठरवा. गावचा आठवडा बाजार ज्या वारी भरतो तोच घ्या, तो विसरत नाही. पाकिटावर शाईने तो वार लिहा, कॅलेंडरवर महिनाभराच्या त्या तारखांना गोल करा आणि गोळी घेतली की गोलावर काट मारा. पाकीट रोजच्या औषधांपासून वेगळ्या डब्यात ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम दुसऱ्या दिवशी, किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं. त्याने मळमळ आणि तोंड येणं कमी होतं.

दुसरी चूक दुकानात होते. चिठ्ठीवर १५ मिलिग्रॅम आहे, तुम्ही आजवर २.५ च्या सहा गोळ्या घेत आलात. या वेळी २.५ नव्हती म्हणून १० चं पाकीट मिळालं. सवयीने सहा घेतल्या तर ६० मिलिग्रॅम पोटात गेलं. पाकीट बदललं की गोळ्या मोजायच्या आधी आकडा वाचा. तोंडात फोड, गिळताना आग, जुलाब, हिरड्यांतून रक्त, ताप, यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा. उतारा म्हणून देतात ते फॉलिनिक अ‍ॅसिड. ते इस्पितळातलं औषध आहे, घरची फॉलिकची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

रक्ताची तपासणी (पेशी, यकृत, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन) पहिले तीन महिने दोन ते चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी. गोळी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून क्रिएटिनिन वाढलं की तीच मात्रा अंगावर येते. लघवीच्या संसर्गाला सर्रास दिली जाणारी कोट्रायमॉक्सॅझोल, म्हणजे सेप्ट्रान, हिच्याबरोबर कधीच चालत नाही: रक्तपेशी कोसळतात. कुठल्याही डॉक्टरांसमोर बसलात की पहिलं वाक्य हेच असू दे: 'मी आठवड्याला मेथोट्रेक्सेट घेते.' मूल हवं असेल तर किमान तीन महिने आधी, डॉक्टरांना सांगून, ती बंद करावी लागते. दारू आणि ही गोळी दोन्ही यकृतावरच पडतात, तेव्हा एकीला सोडावं लागेल, आणि ती गोळी नव्हे.

पुड्यांबद्दल थोडं कडक लिहितो. कुणीतरी बिननावाची पुडी देतो आणि दोन दिवसांत हात मोकळा होतो. पेनकिलर कळ मारते, पण आमवाताची सूजही इतक्या लवकर उतरवणारं औषध म्हणजे स्टिरॉइड. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० चं नोबेल या कामाला मिळालं, पण तोवर सुजलेले चेहरे आणि इतर दुष्परिणामही दिसू लागले होते. डॉक्टर देतात ते मोजून, थोडे दिवस, सकाळी खाल्ल्यावर. पुडीत किती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तीन आठवड्यांहून जास्त घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं, आणि पुडी एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, असा माणूस कोसळतो. पुडी घेत होतात हे डॉक्टरांपासून लपवू नका. त्यासाठी कुणी रागावलं तरी सांगा.

काढ्यांचं विचारता, तर गुळवेल. आपल्याकडे तो प्रत्येक आंब्या-भेंडीवर चढलेला असतो, आणि कोविडच्या काळात घरोघरी उकळला गेला. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही सूज स्वयंप्रतिकाराच्या वळणाची होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी ज्याची प्रतिकारसंस्था आधीच घरच्यावर उठली आहे आणि जो यकृतावर भार टाकणारी गोळी घेतो आहे, त्याने तिला आणखी चेतवणारं काही का घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नये. आंबटाचं मात्र उलटं. सोलकढी, आमसूल, दही यांनी आमवात वाढतो याला पुरावा नाही. बांगडा, तारली खा, त्यांच्या तेलाने दाह थोडा उतरतो. शिंपल्या-कोलंबीचं पथ्य आणि बिअर बंद, हे युरिक अ‍ॅसिडच्या दुखण्याचे नियम आहेत. त्यात अंगठ्यात स्फटिक साचतात, तो आजारच वेगळा, पण गावात दोघांनाही 'वात' म्हणतात आणि आमवाताच्या बाईचं जेवण विनाकारण तुटतं.

गोळ्यांनी भागलं नाही तर टीएनएफ, म्हणजे दाह वाढवणारं एक रसायन, अडवणारं इंजेक्शन येतं. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी लंडनमध्ये १९९२ पासून ते रुग्णांना देऊन पाहिलं. टीएनएफ सांधा खातो, पण फुप्फुसात निजलेल्या क्षयाच्या जंतूभोवतीचं कुंपणही तोच धरून ठेवतो. म्हणून इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि मँटूसारखी चाचणी. ती टाळून घाई करणाऱ्याचं ऐकू नका.

लावणीच्या दिवसांचं राहिलं. चिखलात उतरायचंच असेल तर गमबूट घाला, पायाच्या चिरांवर पट्टी लावा, आणि लेप्टोसाठी (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी) आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लिन मिळत असेल तर आपली औषधं सांगून मगच घ्या. ताप १००.४ च्या वर गेला की त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट थांबवा आणि त्याच दिवशी तपासून घ्या, पॅरासिटामॉलवर तीन दिवस काढू नका. स्टिरॉइड चालू असेल तर ते मात्र बंद करायचं नाही, तापात शरीराला ते जास्तच लागतं. मासे साफ करताना काटा रुतला तर साबणाने धुवा. काही तासांत लाली पसरली, फोड आले किंवा ताप भरला तर रात्र असली तरी निघा. आणि जखम भरल्यासारखी वाटूनही त्या जागी आठवड्यांनंतर न दुखणारी गाठ राहिली, तर ती दाखवताना डॉक्टरांना सांगा की काटा माशाचा होता: समुद्राच्या पाण्यातला क्षयाचा एक भाऊबंद अशी गाठ करतो, आणि सांगितल्याशिवाय तो कुणाच्या मनात येत नाही.